तेल निवेपर्यंत

आमच्या फिरत्या दवाखान्यानं आजवर किती डोळे तपासले, असं कुणी विचारलं तर मला रजिस्टर उघडावं लागतं. पण गाडी कुठं थांबली, का थांबली आणि थांबल्यावर काय झालं, हे मात्र तोंडपाठ आहे. चालत्या गाडीत माणसं मोबाईल बघत बसतात. गाडी थांबली की बोलायला लागतात. आणि आमची गाडी तर थांबण्यासाठीच प्रसिद्ध. त्यामुळं किस्से आपोआप साठत गेले. आता आम्ही तिघं कुठं जेवायला बसलो, की कुणीतरी एक सुरू करतं आणि भाकरी ताटात वाळून जाते.

आधी तिघं कोण ते सांगते. डॉक्टर मॅडम, यांचा देवळाली प्रवऱ्यात डोळ्यांचा दवाखाना आहे. मी नंदा, त्यांच्याकडं चष्म्याचे नंबर काढते. आणि आमचे ड्रायव्हर सोपानकाका. काकांनी अर्धं आयुष्य उसाच्या ट्रॅक्टरवर काढलं, मागं दोन-दोन ट्रॉल्या लावून. ओढायचं म्हणजे काय, हे त्यांना शिकवायला लागत नाही.

चौथा मेंबर म्हणजे डबा. डबा म्हणजे कॅरॅव्हॅन, चाकांवरची खोलीच. आमच्याकडच्या एका हौशी बागायतदारानं सहलीसाठी बांधून घेतली होती. त्याच्या बायकोला तिच्यात झोप येईना. दोन सहली झाल्या आणि ती शेडमध्ये जाऊन बसली. शेवटी त्यानं ती मॅडमना देऊन टाकली. मॅडमनी आतला पलंग काढून तपासणीचं मशीन बसवलं, फळीवर भांड्यांच्या जागी चष्म्यांचे खोके लावले. ओढायला मॅडमची स्वतःची सात सीटची डिझेल गाडी. दर बुधवारी एक गाव करायचं, असं ठरलं.

*

पहिल्याच बुधवारी आम्ही विळद घाटात अडकलो.

नगरच्या बाजूला जायचं तर हा घाट चढावाच लागतो. एरवी त्यात घाट म्हणावं असं काही जाणवत नाही, गाडी सहज वर जाते. पण त्या दिवशी मागं डबा होता, मार्च सरत आलेला, एसी चालू, आणि मॅडमना दहाला पोचायचं होतं. काकांना त्यांनी दोनदा जरा ओढा म्हणून सांगितलं. काकांनी ओढलं. अर्ध्या चढाला जळकट वास यायला लागला. मॅडमनी समोर बघितलं, पाण्याची सुई बरोबर मधोमध. त्या म्हणाल्या, सगळं नॉर्मल आहे, ट्रकचा वास असेल. ट्रक एकही नव्हता.

काकांनी गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. गाडी उभी आणि इंजिन गुरगुरतंय, हे मॅडमना पटेना. डिझेल फुकट जातंय, बंद करा म्हणाल्या.

काका म्हणाले, "मॅडम, पळून आलेल्या मान्साला कुनी लगीच निजवत न्हाई. जरा दम खाऊ द्या तिला."

पाच मिनिटं तशीच दम खाऊ दिल्यावर मग त्यांनी चावी फिरवली.

राहुरीला रज्जाकभाई म्हणून मिस्त्री आहेत. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि मॅडमना समजावलं, की समोरची सुई पाण्याचं सांगते, ऑइलचं नाही. पाणी आपलं मधोमध राहतं आणि खाली ऑइल तापून पातळ होत जातं. मागं एवढं ओझं लावून घाट चढायचा तर ऑइलचा काटा वेगळा पाहिजे. त्यांनी डॅशबोर्डवर एक छोटी गोल तबकडी बसवून दिली, बांगडीएवढी. शंभरपर्यंत निवांत, एकशे दहा झालं की पाय हलका करायचा, एकशे वीस झालं की थांबायचं. मॅडमनी हे सगळं प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहून घेतलं आणि खाली सवयीनं सही केली.

तो कागद काकांनी घडी घालून खिशात ठेवला. कुणी घाई केली की ते कागद काढून दाखवायचे. मॅडमनी घाई केली तरी मॅडमचीच सही दाखवायचे.

*

एकशे वीसला थांबायचं, हा नियम झाला आणि आम्ही सगळीकडं उशिरा पोचायला लागलो.

खर्ड्याच्या अलीकडं एक गाव आहे, तिथं शिबिर होतं. तिथल्या सरपंचांनी देवळात दवंडी दिल्यासारखा स्पीकर लावून माणसं जमवलेली. आम्ही वाटेतल्या चढाला कडेला उभे. सरपंचांचा फोन आला. मॅडम तेव्हा डब्यात चष्म्याचे खोके नीट लावत होत्या, म्हणून त्यांनी घाईत एवढंच सांगितलं, की तेल तापलंय, जरा निवलं की निघतो. फोन ठेवला.

आम्ही पोचलो तर देवळापुढं शंभरेक माणसं बसलेली. आमच्याकडं बघण्याची त्यांची तऱ्हा काही बरी नव्हती. कुणी उठेना, कुणी हसेना. मी टेबल मांडायला लागले तर एक म्हातारे बाबा जवळ आले आणि डब्याच्या खिडकीतनं आत डोकावून हुंगायला लागले. मी विचारलं काय बघताय, तर काही नाही म्हणाले.

मग सरपंच आले. माणूस भला. त्यांनी मॅडमना बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, तुमाला भूक लागली हुती तर आमाला सांगायचं. हितं सोय केली असती. आता आख्खं गाव सकाळधरनं उपाशी बसलंय, आन मी स्पीकरवर सांगून बसलो, की मॅडम वाटंला भजी तळत्यात."

*

मे महिन्यात पुण्याहून एक पाहुणे आले. आम्हाला चष्म्याच्या काचा स्वस्तात मिळवून देणारी एक संस्था होती, तिचे हे मोठे साहेब. काम कसं चालतं ते स्वतः बघायचं म्हणाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कोट मांडीवर, पुढच्या सीटवर बसवले त्यांना. जाताना काही त्रास झाला नाही. पाथर्डीकडचं शिबिर झालं, साहेब खूश. परत येताना करंजी घाट चढायचा होता, दुपारचे तीन वाजलेले.

ऑइलचा काटा एकशे पंधरावर आला. थांबावं तर साहेबांची पुण्याची गाडी नगरला वाट बघत उभी. रज्जाकभाईंनी अशा वेळेसाठी एक इलाज सांगून ठेवला होता. एसी बंद करायचा आणि हीटर फुल्ल सोडायचा. इंजिनातली उष्णता मग आत गाडीत येते आणि इंजिनाचा भार थोडा हलका होतो.

काकांनी तेच केलं. साहेबांना सांगायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, आणि मॅडमना वाटलं काकांनी सांगितलंय.

पायापासून लोहाराच्या भट्टीसारखी झळ यायला लागली. आम्ही तिघंही गप्प, कारण आम्हाला सवय होती. काचा खाली केल्या तर बाहेरनंही तसलंच वारं. साहेबांनी आधी टाय सैल केला, मग काढला. रुमाल पिळून पुन्हा तोंड पुसलं. दोनदा मागं वळून मॅडमकडं बघितलं. मॅडम काट्याकडं बघत होत्या. माणूस इतका सभ्य, की अख्खा घाट चढून होईपर्यंत त्यांनी तोंडातनं शब्द काढला नाही. वर आल्यावर काकांनी हीटर बंद केला आणि समाधानानं म्हणाले, "आलं बगा खाली." साहेबांना वाटलं त्यांच्या घामाबद्दलच बोलतायत. ते फक्त मान हलवून हो म्हणाले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या संस्थेचं पत्र आलं. काचा पुढंही मिळत राहतील असं त्यात होतं. खाली साहेबांनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी जोडल्या होत्या. लिहिलं होतं, की ही माणसं रुग्णांसाठी घाम गाळतात असं ऐकून होतो, आता ते स्वतः अनुभवलं. आणि शक्य असेल तर त्यांच्या गाडीचा एसी दुरुस्त करून द्यावा, अशी मी शिफारस करतो.

*

जामखेडच्या रस्त्याला एक मोठं कडुलिंबाचं झाड आहे. झाडाच्या आधी लांबलचक चढ. त्यामुळं तो संपता संपता काटा हमखास एकशे वीसला टेकायचा आणि आम्ही सावलीला थांबायचो. पंधरा-वीस मिनिटं निवांत. मॅडम डबा उघडून चहा करायच्या.

एकदा शेरडं राखणारी एक बाई जवळ आली. साठीची असेल. हातातली काठी झाडाला टेकवून विचारलं, की कुल्फी केवढ्याला. मी म्हटलं, मावशी, ही कुल्फीची गाडी नाही, डोळे तपासायची आहे. त्या म्हणाल्या, मग डोळे बघा. चहा होईपर्यंत वेळ होताच. आत बसवलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून बसलेला. किती दिवस दिसत नाही असं विचारलं, तर म्हणाल्या दिसतंय की, शेरडं पांढरी हायेत म्हनून दिसत्यात. काळी दोन हुती, ती इकून टाकली.

महिन्याभरात त्यांचं ऑपरेशन झालं. पुढं आम्ही त्या झाडाखाली थांबलो तर तिथं आधीच सहा माणसं बसलेली. त्याच्या पुढच्या खेपेला पंधरा. आजूबाजूच्या वस्त्यांवरची. या लोकांना गावच्या शिबिराला चार-पाच किलोमीटर चालत जावं लागायचं आणि ती जात नव्हती. झाड त्यांच्या हाकेच्या अंतरावर होतं. तिथलं काम एवढं वाढलं, की चहा करायला वेळ उरेना.

मग हिवाळा आला. हवा गार, त्यात रज्जाकभाईंनी ऑइल बदलून दिलेलं. चढ संपला तरी काटा पंच्याण्णवला. काकांनी सांगितलं, मॅडम, आज थांबायची गरज न्हाई. झाडाखाली माणसं उठून उभी राहिलेली लांबनं दिसत होती.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नीट बघितलं का काका? मला वाढल्यासारखं वाटतंय. थांबवा."

तेव्हापासून तिथं कायम थांबतो. पण लोकांच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. अजूनही महिन्यातनं एकदा तरी माझ्या मोबाईलवर त्या वस्तीवरनं फोन येतो. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडनं विचारणा होते, "ताई, येत्या बुधवारी तेल तापनार हाय का?"

*

हा किस्सा काकांसमोर सांगितला की ते उठून हात धुवायला जातात.

सुरुवातीपासून काकांची एक सवय होती. घाट लागला की मला म्हणायचे, ताई, बगा बरं किती झालं. मला वाटायचं, मला शिकवतायत. मी सांगायचे एकशे पाच, एकशे आठ, आणि ते मास्तरांसारखी मान हलवायचे. एका बुधवारी मी मागच्या सीटवर खोक्यांच्या पलीकडं बसले होते आणि पुढं मॅडमना डुलकी लागलेली. मी विचारलं, काका किती झालं. म्हणाले, शंभराच्या आसपास. थोड्या वेळानं मॅडम जाग्या झाल्या, तबकडीकडं बघितलं तर एकशे अठरा.

गाडी थांबवली. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, की तुम्ही हे आकडे कसे वाचता. काकांनी आधी इकडचं तिकडचं सांगितलं. मग म्हणाले, आकडं कशाला वाचायचं, सुई उबी असली की बरं, उजवीकडं कलली की थांबायचं.

लांबचं त्यांना घारीसारखं दिसायचं. पुढच्या एसटीची पाटी आम्हाला दिसायच्या आधी ते वाचून मोकळे व्हायचे. जवळचं मात्र गेलेलं होतं, त्या वयात सगळ्यांचं जातं तसं. मॅडमनी विचारलं, रोज आमच्यासोबत असता, मग सांगितलं का नाही?

काका म्हणाले, "डोळ्याच्या गाडीचा डायवर, आन त्यालाच दिसंना, असं कळल्यावर कोन येईल आपल्याकडं?"

इतके दिवस माणूस स्वतःची नाही, दवाखान्याची अब्रू सांभाळत होता.

तिथंच, रस्त्याच्या कडेला, मॅडमनी त्यांना डब्यात बसवलं. आजवर किती माणसांना काकांनी हाताला धरून त्या स्टुलावर आणून बसवलं असेल, घाबरू नका म्हणून सांगितलं असेल. त्या दिवशी त्यांच्याच कपाळावर घाम. मी काचा बदलत गेले आणि पाचव्या काचेला ते एकदम ताठ झाले. कार्डावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी घडाघडा वाचली, शिवाय खालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं.

पुढच्या बुधवारी काका नवा चष्मा लावून आले. गाडीत बसले. आधी तबकडी वाचली. मग खिशातला तो कागद काढून पहिल्यांदा वाचला. मग शेजारी बसलेल्या मॅडमकडं बराच वेळ बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, काय झालं?

"काय न्हाई. आजवर मला तुमी पंचविशीच्याच वाटत हुता."

*

आता एकच सांगते.

ऑक्टोबरातली गोष्ट. खर्ड्याच्या पुढच्या एका वस्तीवर शिबिर होतं. काम आटपलं, डब्याचं दार लावलं, तेवढ्यात एक माणूस मोटरसायकलवर बायकोला घेऊन आला. तिचं नाव कौसाबाई. डावा डोळा लालभडक, डोकं फुटतंय म्हणून दोन्ही हातांनी धरलेलं, वाटेत दोनदा उलटी झालेली. मॅडमनी बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, डोळ्यातलं प्रेशर चढलंय, आज उतरलं नाही तर नजर जाईल.

जवळ होती ती औषधं दिली. पण नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचवणं भाग होतं. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला तर ती दुसरीकडं गेलेली. डबा सोडून नुसती गाडी घेऊन जावं, तर त्याच दिवशी डब्याचं पुढचं टेकूचं चाक खड्ड्यात वाकलं होतं. सोडला असता तर रस्त्यातच नाक घासून पडला असता. काका म्हणाले, वेळ घालवू नका, घेऊन जातो मी तसाच.

कौसाबाईंना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर, डोळ्यांवर ओला रुमाल. मॅडम त्यांच्या पायाशी, मनगट धरून. पुढं काका एकटे. नवरा मोटरसायकलवर मागनं येत होता. बाई कण्हत होत्या. दर दोन मिनिटांनी विचारायच्या, मला दिसंल ना.

काका कधी नव्हे ते पळवत होते. मॅडमना मागनं तबकडी दिसेना, म्हणून त्या विचारत होत्या.

"काका, किती?"

"एकशे बारा."

थोड्या वेळानं पुन्हा. "आता?"

"एकशे अठरा. चढतंच चाललंय, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, फार ताणू नका तिला. काका म्हणाले, आता थांबलो तर मागची जाईल, न्हाई थांबलो तर पुढची. मॅडमनी मन घट्ट करून सांगितलं, की चला, जे होईल ते होईल.

मग काकांनी एकशे चोवीस सांगितलं. माझ्या लक्षात आलं, की बाईंचं कण्हणं थांबलंय. मी घाबरून खाली वाकले. त्यांचे ओठ हलत होते, कसलं तरी नामस्मरण चाललं होतं. पुढं उतार लागला. काकांनी पाय काढला, वारं लागलं, आणि ते म्हणाले, एकशे सोळा, आलं खाली, वाचली म्हनायची. मॅडमनी मोठा श्वास सोडला. बाईंनीही सोडला.

वेळेत पोचलो. नजर वाचली, पहिल्याइतकी नाही, पण वाचली.

दोन-अडीच महिन्यांनी त्याच वस्तीवर पुन्हा गेलो, तेव्हा कौसाबाई सगळ्यात आधी येऊन बसल्या होत्या. मॅडमनी डोळा तपासला, छान आहे म्हणाल्या. बाईंनी पायाशी ठेवलेल्या दोन पिशव्या उचलल्या. दोन्हींत ज्वारीचा हुरडा. म्हणाल्या, ही एक तुमची तिघांची आणि ही तिची.

मॅडमनी विचारलं, "कुणाची?"

"त्या दिशी गाडीत पुढं निजवली हुती ती बाई. मला दिसत नव्हतं, पर ऐकू येत हुतं ना समदं. एकशे चोवीस ताप म्हंजे काय झालं! मंग मी माझं रडनं सोडलं. म्हनलं, आपलं डोळ्यावरच निभावतंय, हिचा तर जीव चाललाय. समदी वाट तिच्यासाठीच देवाला इनवत हुते. बरी हाय का ती?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी काकांकडं बघितलं. काका डब्याच्या दारात उभे होते. मॅडमनी ती दुसरी पिशवी दोन्ही हातांनी घेतली.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळंच वाचली."

कौसाबाईंना बरं वाटलेलं दिसलं, पण खात्री करून घेतल्याशिवाय त्या उठेनात. आता ताप न्हाई ना येत, असं त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी चष्मा वर सरकवला.

"न्हाई," ते म्हणाले. "आता नव्वदच्या वर जात न्हाई."